पान दोनशे सत्त्याऐंशी

बुधवार, दुपार

प्रिय बारके,

पाकिटावरचा पत्ता मी आधी टाइप करून घेतला होता. माझं अक्षर ओळखून तू पत्र न फोडताच बाजूला टाकशील, अशी धास्ती होती. मग वाटलं, सहा वर्षांनी पहिलं पत्र लिहितेय आणि सुरुवातच लबाडीनं? ते पाकीट फाडून टाकलं. हे हातानं लिहिलंय, म्हणजे अक्षर पाहूनच तू ते फोडलं असशील. मध्येच राग आला तर खाली ठेव, पाणी पी, पण शेवटपर्यंत वाच. शेवटी कामाचं लिहिलंय.

तुझा पत्ता बाइंडरकाकांनी दिला. तू शाळेचं वाचनालय सांभाळतेस, आणि दर दिवाणखान्यात असतं तसलं एक काचेचं कपाट आणि दोनशे पुस्तकं एवढ्यावर तू सुरुवात केलीस, आता तीन खोल्या झाल्या, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणजे गेली सहा वर्षं त्यांचं तुझ्याशी बोलणं चालू होतं आणि मला त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. मी विचारलं, आधी का नाही सांगितलं, तर म्हणाले, "बाई, तुम्ही विचारलं कुठे?" त्यांना ऐकू कमी येतं आताशा. पण बोटांना अजून पूर्वीइतकंच कळतं. ग्रंथालयाला नवा रंग दिलाय, दवाखान्यासारखा हिरवा. वाचनकक्षात चाकांच्या खुर्च्या आल्यात, त्यामुळे संशोधक मंडळी आता उठतच नाहीत, खुर्चीसकट कपाटापर्यंत घरंगळत जातात. वकीलसाहेब रोज अकराला येतात, पुस्तकांच्या समासात पेन्सिलीनं "साफ चूक!" असं लिहितात आणि मी मागून रबरानं खोडत बसते. माझी लेक दुसऱ्या शहरात कॉलेजात इतिहास शिकवते. बारकी मावशी कुठे असते म्हणून तिनं पहिली दोन वर्षं विचारलं, मग विचारणं सोडलं. तुझ्या जागेवर तिघी येऊन गेल्या. आताची मुलगी हुशार आहे, संगणकावर नोंदी करते, चुकत नाही, पण पुस्तक उघडत नाही. तुझं ते मुंगीच्या पावलांसारखं अक्षर, ज्यावरून मी तुला बारकी म्हणायला लागले आणि मग सगळी संस्थाच म्हणायला लागली, ते जुन्या कार्डांवर अजून आहे. कार्डांचे खण भंगारात काढणार होते. मी अडवले.

आता मूळ गोष्टीकडे येते. तुला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून लिहिते, कारण मी ते आजवर कोणापुढे सरळ मांडलेलं नाही. तुझ्यापुढे तर नाहीच.

शुक्रवारच्या पार्सलाचा तो आपला दिवस आठव. इतिहास, राजकारण, समाज या विषयांवरची नवी कोरी पुस्तकं यायची. दोरी मी सोडायची, कागदाची घडी तू घालायचीस. पंधरा दिवस ती खिडकीजवळच्या मोठ्या टेबलावर मांडायची, मग कपाटात. आठ-नऊ वर्षांपूर्वी जुने सरकारी कागद खुले झाले आणि त्या पुरावरची पुस्तकं एकामागून एक यायला लागली. धरणाचे दरवाजे उघडले गेले आणि नदीकाठची वस्ती वाहून गेली, तो पूर. तू त्या वस्तीतली. तेव्हा चार वर्षांची होतीस, कोणीतरी तुला छपरावर ओढून घेतलं. तुझी थोरली बहीण खालीच राहिली. अकरा वर्षांत तू मला हे एकदाच सांगितलंस, तेही कार्डं लावता लावता, मान वर न करता.

पहिलं कापलेलं पान एका संशोधकानं दाखवलं. पाहिजे तेच पान नाही, म्हणून तणतणत आला. मी म्हटलं छपाईची चूक असेल. तू पुस्तक हातात घेतलंस आणि बाइंडरकाकांकडे नेलंस. त्यांनी शिवणीतून बोट फिरवलं आणि म्हणाले, "कापलंय. आणि ज्यानं कापलंय त्याचा हात चांगला आहे." तांदळाच्या दाण्याएवढी पट्टी मागे ठेवलेली, एकसारखी, म्हणजे जोडीचं पान निखळू नये. दीड वर्षात अशी चार पुस्तकं निघाली. चारही नवी, टेबलावर मांडायच्या आधीच कापलेली.

मी मुळातली संशयी. दुधाची पिशवी गळत असली तरी मला कोणीतरी टोचल्याचं दिसतं. त्या दिवसांत मी कोणाला सोडलं नाही. बाइंडरकाकांवर संशय आला, कारण सुरी त्यांच्याकडे. वकीलसाहेबांच्या जाकिटाचे खिसे मी नजरेनं मोजत होते. एका विद्यार्थिनीच्या वहीत कात्री सापडली तर मी तिची शिकवणी घेतल्यासारखी उलटतपासणी घेतली. बिचारी "नखं कापायची होती" असं सांगत रडायला लागली. आणि मग संस्थेच्या अध्यक्षांनी चारही पुस्तकांची सूची काढून पाहिली. गायब पानांच्या आकड्यांसमोर प्रत्येक पुस्तकात एकच नोंद होती : त्या पुराची, त्या वस्तीची. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. खरं सांगते, मला बरंसुद्धा वाटलं. संशयाला एकदाची बसायला जागा मिळाली.

गायब पानांच्या प्रती दुसऱ्या ग्रंथालयातून मागवायच्या, हा साधा नियम आहे. मी नवख्या माणसाला पहिल्या आठवड्यात शिकवते. त्या चार पानांच्या प्रती मी मागवल्या नाहीत. उद्या, परवा करत राहिले, मग प्रकरण मिटलं आणि पुस्तकांवर "अपूर्ण" असा शिक्का मारून ती आतल्या कपाटात ठेवून दिली. का मागवल्या नाहीत, याबद्दल मला आता माझाच संशय येतो.

चौकशीच्या दिवशी समितीच्या खोलीत टेबलापलीकडे तिघे होते, अलीकडे आपण दोघी. अध्यक्षांनी तुला समजुतीच्या सुरात विचारलं, तुमच्या माणसांबद्दलची पानं आहेत, भावनेच्या भरात आठवण म्हणून घेतली असतील, तसं असेल तर सांगून टाका. तू म्हणालीस, "माझ्या माणसांची पानं मी कापीन कशाला? मी ती चार जणांना दाखवीन." मग त्यांनी मला विचारलं, पुस्तक नोंदवहीत चढण्याआधी कोणाच्या हातात असतं? मी म्हटलं, माझ्या आणि हिच्या. इमारतीबाहेर जातं? मी म्हटलं, नाही.

तू माझ्याकडे पाहिलंस.

कारण दर शनिवारी नवी पुस्तकं कापडी पिशवीत घालून मी घरी नेत होते. नोंद व्हायच्या आधी, नियम मोडून, वर्षानुवर्षं. रविवारी पाय वर घेऊन नवं पुस्तक सगळ्यांच्या आधी वाचायचं, ही माझी एवढीच चैन. पिशवी तूच भरून द्यायचीस. जाडं पुस्तक खाली, पातळ वर, कोपरे दुमडू नयेत म्हणून मध्ये पुठ्ठा. अध्यक्षांनी तुला विचारलं, यावर तुम्हाला काही म्हणायचंय? एक वाक्य बोलली असतीस, "पुस्तकं शनिवारी बाईंच्या घरी जातात," तर त्या खोलीतला वारा फिरला असता. तू म्हणालीस, "नाही."

त्या "नाही"चा मी काय अर्थ लावला, ऐक. मी समजले, ही गप्प बसली कारण हिच्याकडे उत्तर नाही. माझी गोष्ट झाकलीस म्हणून मी मनातल्या मनात तुझे आभारसुद्धा मानले, आणि त्याच हातानं अहवालावर सही केली. त्यांनी काढून टाकायच्या आत तूच राजीनामा दिलास. जाताना किल्ल्या टेबलावर ठेवल्यास आणि म्हणालीस, "त पासून द पर्यंतची कार्डं तपासायची राहिलीत." बाकी काही नाही. सहा वर्षं मला ते वाक्य साळसूदपणाचं वाटत आलं. तू गेलीस आणि पानं कापणं थांबलं, यानं तर माझी खात्रीच पटली. ज्यानं त्यानं येऊन म्हणावं, बघा, थांबलं की नाही? आणि मी मान डोलवावी. पण त्या पुरावरची पुस्तकं यायचीही थांबली होती, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आवक-नोंदवही रोज माझ्या समोर असते. बघणाऱ्यालाच बघायचं नसेल तर नोंदवही काय करणार?

गेल्या महिन्यात एक जाडजूड पुस्तक आलं. एका तरुण संशोधक बाईनं नऊ वर्षं कागद धुंडाळून लिहिलेलं. नदी, नगरपालिका, कोणाच्या घराला नंबर मिळाला आणि कोणाच्या नाही, असं सगळं. तिचं म्हणणं असं की वस्ती मतदार यादीत नव्हती, म्हणूनच ती धोक्याची सूचना द्यायच्या यादीतही नव्हती. पूर ही घटना एका रात्रीची नव्हे, वीस वर्षांच्या कारभाराची. वाचताना मला तुझी फार आठवण आली. आणि जुनी खाजही उठली. म्हटलं, या वेळी आधीच मोजून ठेवू. शुक्रवारी दुपारी दार लावून चारशे बारा पानं एकेक उलटून पाहिली. सगळी होती. शनिवारी पिशवीत घालून घरी नेलं. (हो, अजून नेत होते. खोड.) रविवारी निम्मं वाचलं, मग पाहुणे आले. सोमवारी ऑफिसात शिरल्या शिरल्या, पर्ससुद्धा खांद्यावरून न काढता, पुन्हा मोजलं. दोनशे शहाऐंशीनंतर थेट दोनशे एकोणनव्वद.

आधी मला माझा संशय आला. शुक्रवारी नीट पाहिलं नसेल. मग शिवणीतून अंगठा फिरवला आणि ती पट्टी लागली. तांदळाच्या दाण्याएवढी. मी खुर्चीत बसले तशी किती वेळ बसले कोण जाणे. नवीन मुलगी दोनदा डोकावून गेली. पुस्तक ग्रंथालयात होतं तेव्हा माझ्याच कपाटात, माझ्याच कुलपात होतं. तिथून निघालं ते माझ्या पिशवीत, आणि पिशवीतून निघालं ते माझ्या घरात. मग मी शेवटची सूची उघडली. दोनशे सत्त्याऐंशीसमोर तीन नोंदी होत्या. पुराची एक. वस्तीची एक. आणि तिसरी आमचं आडनाव, सासऱ्यांच्या नावासकट, धरणावरचे अभियंता या हुद्द्यासकट.

घरी गेले ती मुकाट्यानं. तुझे भावजी कुकर लावत होते. निवृत्त झाल्यापासून संध्याकाळचा स्वयंपाक तेच करतात. भाजीत मीठ बरोबर आहे का असं विचारलं त्यांनी, मी बरोबर आहे म्हटलं. चव कळली नव्हती. त्या आठवड्यात मी माझ्याच नवऱ्याला असं न्याहाळलं की आरशात पाहायची लाज वाटावी. ते वर्तमानपत्र कसं दुमडतात, चष्मा कुठे ठेवतात, फोन आला की आवाज खाली जातो का. नकाशा कार्यालयात तीस वर्षं त्यांनी ट्रेसिंगच्या कागदावरची शाई पात्यानं खरवडून काढली, कागदाला इजा न होता. बाइंडरकाका म्हणाले होते, हात चांगला आहे. हा हात मी रोज पाहत होते. त्या हातानं कापलेले सफरचंदाचे काप लेकीच्या डब्यात जात होते, आणि मी संशय घेत फिरत होते जगावर. तरी वाटत होतं, माझीच चूक निघू दे. सहा वर्षांपूर्वी तुझ्याबाबतीत एकदाही तसं वाटलं नव्हतं. हेही लिहायलाच हवं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी चहा पिता पिता विचारलं, "ते नदीवरचं जाड पुस्तक परत आणशील का गं? चाळायचं राहिलं." इतक्या सहज, की मी एरवी खूश झाले असते. मी म्हटलं, आणते. शनिवारी दुपारी पिशवी नेहमीसारखी खुंटीला लावली, बाजारात जाऊन येते म्हणाले आणि कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत जाऊन परत फिरले. दार अलगद उघडलं. मागच्या खोलीत ते त्यांच्या तिरप्या टेबलाशी उभे होते. पुस्तक उलटं उघडून त्यावर पोलादी पट्टी धरलेली. सूचीचं पान होतं. त्यांनी वर पाहिलं, दचकले नाहीत, आणि म्हणाले, "दार लाव. वाऱ्यानं कागद हलतो."

मी दार लावलं, बारके. इतक्या वर्षांची सवय. लावल्यावर कळलं की मी काय केलं.

मग ते खुर्चीवर बसले आणि मी न विचारताच त्यांनी नकाशांचा सपाट खण ओढला. पाच पानं होती. मध्ये ट्रेसिंगचा पातळ कागद घालून, चारी बाजू चौकोनी लावून ठेवलेली. मी म्हटलं, जाळून तरी टाकायचीत. तर म्हणाले, "छापलेलं आहे. जाळवलं नाही." लेकीसाठी केलं, असं म्हणाले. तेव्हा ती इतिहास घेऊन शिकत होती, सुट्टीत आपल्या त्या खिडकीजवळच्या टेबलाशीच बसायची, तुझ्याकडून पुस्तकं मागून घ्यायची. "तिला तिचे आजोबा असे भेटायला नको होते." पहिल्या चार पुस्तकांत नुसता हुद्दा होता, नाव नव्हतं. पण त्यांना तो हुद्दा पुरेसा होता. मी विचारलं, बारकी गेली तेव्हा काय वाटलं? त्यांनी पट्टी पुस्तकावरून उचलून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "वाटलं, आता सांगायला हवं. दोन दिवस वाटलं."

पान दोनशे सत्त्याऐंशी मी तिथेच उभ्यानं वाचलं. आमच्या घरात सांगितलं जायचं ते असं : सासऱ्यांनी दरवाजे उघडण्याआधी वस्तीच्या चौकीवर तीनदा फोन केला, कोणी उचलला नाही, आणि त्या दुःखानं ते खचले. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकलं, लेकीला मीच सांगितलं. पुस्तकात धरणावरच्या फोनच्या नोंदवहीचं ते पानच छापलंय. दरवाजे उघडण्याआधी दोन तास होते. त्या दोन तासांत एक फोन झाला, अधिकाऱ्यांच्या वसाहतीला, गाड्या उंचावर नेऊन लावा म्हणून. वस्तीकडे एकही नाही. खाली त्यांची सही, तीच वळणदार सही जी आमच्या लग्नातल्या भेटीच्या पुस्तकावर आहे. मला त्या माणसाचा राग यावा असं फार वाटतं. पण त्यांनी मला लेकीसारखं वागवलं, माझ्या नोकरीसाठी घरात भांडले. दोन्ही खरंच आहे. कोणतं पुसू?

आणि खणातल्या सगळ्यांत जुन्या पानाच्या एका बाजूला तो हुद्दा होता, तर दुसऱ्या बाजूला मृतांची यादी. सरकारी यादीत बत्तीस जणांसमोर "नाव अज्ञात" लिहिलेलं होतं. त्या लेखकानं वस्तीतली जुनी माणसं शोधून त्यातली सात नावं पहिल्यांदा छापली. त्यात तुझ्या बहिणीचं नाव आहे, वय अकरा, आणि तळटीपेत माहिती देणाऱ्याचं नाव तुझं. म्हणजे ते पान तू वर्षभर वाट पाहिलेलं पान होतं. तेच कापलं गेलं, आणि कापल्याचा आळ तुझ्यावर आला, आणि तो मी घेतला.

त्या रविवारी मला आणखी एक गोष्ट उमगली आणि मी पुस्तक हातातून खाली ठेवलं. तू वस्तीतली. त्या अभियंत्याचं नाव वस्तीतल्या शेंबड्या पोराला माहीत असणार. आमचं आडनाव काही हजारात आढळणारं नाही. आमच्या जेवणाच्या खोलीत सासऱ्यांचा तो मोठा फोटो आहे, आणि तू अकरा वर्षं आमच्याकडे येत होतीस, त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसून जेवत होतीस, यांना भावजी म्हणत होतीस, लेकीची वेणी घालत होतीस. तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग चौकशीत मी खोटं बोलले तेव्हा तू काय समजलीस? माझी चैन झाकली असं मी सहा वर्षं समजत आले. पण तू तर समजली असशील की पानं मीच कापतेय. सासरचं नाव राखायला मीच घरी नेऊन कापते आणि तुझ्या अंगावर ढकलते. तसं समजूनही तू "नाही" म्हणालीस. का? आमच्या घरचं अन्न खाल्लं म्हणून? लेकीसाठी? की असल्या माणसांपुढे बोलून उपयोग नाही, हे तुझ्या वस्तीनं फार पूर्वीच शिकून घेतलं होतं म्हणून? मी आठ दिवस हेच घोकतेय. मी संशयी बाई आहे हे तुला माहीत आहे, पण माझ्यावरच कोणी इतकी वर्षं संशय घेतला असेल आणि तो इतका रास्त असेल, ही गोष्ट माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. पाती माझ्या हातात नव्हती, एवढंच काय ते. बाकी सगळं मीच केलं.

लेकीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, ते पुस्तक माझ्याकडे आहे. मी ते वाचून पंधरा दिवस झाले. तुम्ही दोघं कधी बोलता, याची वाट बघत होते." म्हणजे ज्या पोरीपासून लपवायला एवढा खटाटोप केला, तिनं ते आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयात अख्खं वाचलं होतं. तुझे भावजी दुसऱ्या टोकाला बसून ऐकत होते. त्यानंतर त्यांनी टेबलावरची पाती एका डबीत घातली आणि माझ्यापुढे सरकवली. मी डबी घेतली नाही. निवेदनात त्यांचं नाव लिहिणार आहे, असं सांगितलं. "माझं लिही," म्हणाले, "बाबांचं नको." मी म्हटलं, एकाशिवाय दुसऱ्याचा अर्थ लागत नाही. ते उठून बाल्कनीत गेले. घरात आमचं बोलणं आहे, पण कुकर किती शिट्ट्यांचा, एवढ्यापुरतं.

आज सकाळी साडेदहाला मी समितीला निवेदन देऊन आले. पोच घेतली आहे, शिक्क्यासह. पुस्तकं मी घरी नेत होते, चौकशीत मी खोटं बोलले, पानं माझ्या घरात माझ्या नवऱ्यानं कापली, आणि का कापली. पाचही पानं बाइंडरकाकांकडे दिली. ते त्यांना पातळ कागदाची पट्टी लावून जागच्या जागी बसवत आहेत. सांधा दिसेल, असं म्हणाले, मी म्हटलं दिसू दे. मुद्दाम आधी निवेदन दिलं आणि मग तुला लिहायला बसले. उलट केलं असतं तर तुझ्या उत्तराची वाट बघतेय असं स्वतःला सांगत पुन्हा उद्या, परवा करत बसले असते. अध्यक्षांचा चेहरा पडला. ते मला वाचवायला बघतायत, हे माझ्या लक्षात आलं. संस्थेची अब्रू, निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय, असं काहीबाही बोलत होते. शेवटी म्हणाले, पुस्तकं बाहेर जात होती याला तुमच्या शब्दापलीकडे पुरावा काय? तेव्हाच्या कर्मचारी बाईंना पत्र टाकून विचारू. त्यांनी नाही म्हटलं, तर हे वयामुळे झालेला गोंधळ समजून फाईल बंद करता येईल. बारके, हे पत्र त्यासाठी आहे. माफी मागायचा धीर मला नाही, आणि ती मागून तुझ्यावर आणखी एक ओझं टाकायचं नाही. आठवडाभरात तुला समितीचा लिफाफा येईल. त्यात एकच प्रश्न असेल, पुस्तकं बाईंच्या घरी जात होती का. तुझा स्वभाव मला माहीत आहे. माझ्याकडे पाहू नकोस, अकरा वर्षांकडे पाहू नकोस, लेकीकडेही नको. या वेळी मला वाचवू नकोस. हो म्हण, आणि त्या खोलीत तेव्हा जे बोलायचं राहिलं ते सगळं लिही, तुझ्या त्या बारीक अक्षरात, कागद पुरेल तिथपर्यंत. मला उत्तर पाठवलं नाहीस तरी चालेल. त्यांना पाठव.

तुझीच,
बाई